बिऱ्हाड

पुन्हा गोठलं.
पडद्यावर तो रंगीत भोवरा गरगरतोय
आणि तिसऱ्या प्रवेशातलं लाकडी अस्वल
एक पाय वर उचलून
माझ्या संगीतासाठी ताटकळलंय.

शनिवारी पहिला प्रयोग.
बुधवार संपून गुरुवार लागला आत्ता,
वूच शहरात बर्फही धड पडत नाही,
नुसतंच ओलं काहीतरी काचेला चिकटतंय.
या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्याखाली पुरलेल्या.

चौदा वर्षं झाली या सॉफ्टवेअरला नि मला.
आधी त्याने रंग बदलला. मी गप्प.
मग बटणं हलवली,
जसं कुणी माझ्या स्वयंपाकघरात शिरून
मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवावा.
मग म्हणे दरमहा भाडं द्या.
दिलं.
आता सहा ट्रॅक उघडले की धापा टाकतं,
सातव्याला मान टाकतं,
आणि शुद्धीवर आलं की मलाच विचारतं,
अहवाल पाठवायचा का?
एकतीस पाठवले.
विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक तरी ऐकू येतं.

किंगा म्हणते, "मास्तर, सोडा ना ते."
चोवीस वर्षांची पोर, अस्वलाचे दोरे तिच्या हातात.
तिच्या लॅपटॉपवर दुसरंच काही,
राखाडी, दवाखान्यासारखं स्वच्छ.
"तीस दिवस फुकट. नाही आवडलं तर परत या."
परत येणं इतकं सोपं असतं
असं वाटायचं वय आहे तिचं.

घेतलं उतरवून.
खरंच, त्यात काहीच अडत नाही.
मीच अडतो.
डावी करंगळी सवयीने जुन्या जागी जाते
आणि तिथे आता 'पुसून टाका' राहायला आलंय.
अस्वलाचे चार स्वर असेच गेले.
जे शिकलो ते डोक्यात नव्हतंच कधी,
बोटांत होतं,
आणि बोटांची समजूत कोण घालणार?
नाचता येईना अंगण वाकडं म्हणा हवं तर,
पण अंगण खरंच वाकडं असतं हो कधी कधी.

जुन्या फायली तशा येत नाहीत नव्यात.
एकेक ट्रॅक सुटा काढायचा, नाव द्यायचं, न्यायचा,
बिऱ्हाड हलवताना कपबश्या
वर्तमानपत्रात गुंडाळतात तसा.
व्हायोला. खंजिरी.
चुरगळलेला कागद, जो वारा झाला होता.
'क्लॅरिनेट झेनॉन शेवटचा'.
शेवटचा म्हणजे शेवटचा टेक,
तेव्हा अर्थ तेवढाच होता.

त्यात एक टिचकी आहे.
दर चौथ्या मात्रेला, नखाएवढी.
नऊ वर्षं तिच्यापायी मी
या सॉफ्टवेअरच्या सात पिढ्या उद्धरल्या,
साउंडकार्ड बदललं, केबली बदलल्या,
कंपनीला एक पत्र लिहिलं
जे माल्विनाने टाकू दिलं नाही.

नव्या घरात ठेवला तो ट्रॅक.
स्पेस दाबला.
टिक्.

हेडफोन काढला, पुसला, घातला.
टिक्.

मग आठवलं,
त्याच्या क्लॅरिनेटची एक कळ सैल होती,
तिला तो रबरबँड लावायचा,
टपालाच्या गठ्ठ्यावरचा, लाल,
आणि म्हणायचा, पैसे आले की आधी हे.
पैसे आले. ते दातांत गेले.
नंतर दातांचंही काही काम उरलं नाही.

साडेतीन.
नव्यात एक सोय आहे,
टिचक्या आपणहून हुडकते,
पिवळ्या करते,
आणि अदबीने विचारते, काढू?

नको म्हटलं.

जुनं अजून पुसलेलं नाही,
या महिन्याचं भाडं भरलंय.
सकाळी किंगाला सांगायचं,
अस्वलाने पाय टेकायचा तो
बरोबर टिचकीवर.