चहाचे एकोणतीस तुकडे

माझ्या तक्त्यात चहाचे एकोणतीस तुकडे आहेत.
नळ उघडणे : मनगटाचा फेर.
किटली उचलणे : पकड, खांदा, वजनाचा अदमास.
वाफ कळणे. क्रम आठवणे.
मध्येच फोन वाजला तरी
क्रमावर परत येणे.

हाजेर हानमनं चाळीस वर्षं चहाची पानं कापली,
रिझेच्या या उतारांवर, पाठीला पोतं, हातात कात्री.
मार्चपासून तिचा डावा हात
अवघडलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो
आणि डावीकडचं काही तिच्या लेखी नसतंच :
ट्रेची अर्धी बाजू, खिडकी, मी.

म्हणून मी मुद्दाम डावीकडे उभी राहते.

सहाव्या खेपेला तिनं दुमजली किटलीवर हात ठेवला
आणि ठेवूनच राहिली.
मी लिहिलं : सुरुवात करण्यात अडचण.

"पाच वेळा केला," ती म्हणाली,
"पाचही वेळा तू मोरीत ओतलास.
मोरीसाठी कोण चहा करतं, पोरी?"

मला उत्तर सुचेना.
(प्रतिसादाचा वेग : मंद.)
पेन खिशात टाकलं, खुर्ची ओढली.

मग पाणी उकळलं. दोनदा सांडलं.
साखर तिनं तीनदा उजवीकडेच शोधली,
मी ओठ दाबून गप्प.
ग्लास कडेला धरून, उजेडात नेऊन
रंग पाहिला : सशाच्या रक्ताचा,
आमच्याकडे म्हणतात तसा.
आणि मान वळवत, वळवत,
मध्ये अख्खा डोंगर असावा इतकी वळवत
विचारलं,

"कुठे बसलीयेस?
तुझा गार होतोय."