दाराचं रबर

हॅलिफॅक्समध्ये दर मंगळवारी संध्याकाळी
चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण बसतो
आणि मलावीतल्या एका आरोग्य केंद्राचं भलं करतो.
हीटर एकच. तो मिसेस ॲक्रॉइड यांच्या पायाशी,
कारण अध्यक्ष त्या, आणि गुडघेही त्यांचेच दुखतात.

इतिवृत्त वाचून झालं.
केकविक्रीचे एकशे अठ्ठ्याऐंशी पाउंड,
जुन्या पडद्यांचे चाळीस.
मग नेहमीचा विषय : पत्रकावर छापायला
एक हसतं मूल हवं. नुकतीच लस टोचलेलं असेल तर उत्तम.
हसतं आणि नुकतंच टोचलेलं, दोन्ही एकदम
कुठून आणायचं, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी खजिनदार,
फार्मसीतून थेट आलेली, डब्यातली अर्धी पोळी तशीच.

त्या आठवड्यात नर्स चिसोमो बांदा यांनी फोटो पाठवला.
लशींच्या फ्रिजचं दार.
खालच्या कोपऱ्यात रबर फाटलेलं,
शेजारी शाळेची लाकडी पट्टी, माप कळावं म्हणून.
आणि दोन ओळी :
ब्लँकेटं पोचली, आभारी आहोत. इथे फार उकडतंय.
हे रबर मिळेल का?

कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.

क्लिफर्ड बैठकीत कधी बोलत नाही,
शेवटी खुर्च्या रचून ठेवायला येतो.
चाळीस वर्षं त्यानं खाटकांची शीतगृहं दुरुस्त केली.
त्यानं चष्मा लावला,
दोन बोटांनी फोटो मोठा केला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा,
आणि म्हणाला, आहे माझ्या गॅरेजात. असणार.

मला साक्रीकडचं आमचं गाव आठवलं.
देवीची लस टोचणारी जीप आली
तेव्हा आईनं मला कणगीत लपवलं होतं,
वर सूप उपडं घातलं होतं.
जीपमध्ये नाकाची सालटं निघालेला एक गोरा होता,
तो वहीत लिहायचा.
पण मला दंडाला धरून बाहेर ओढलं ते मथुराबाईनं,
दुसऱ्या हातात सुई, तोंडात पान.
मुंगी चावेल गं, एवढंच, म्हणाली. खोटं होतं ते.
जाताना दारावर खडूनं आकडा टाकला :
माणसं पाच, टोचलेली पाच.
त्या पाचातली एक मी, ज्वारीच्या कोंड्यानं माखलेली.
व्रण अजून आहे,
जुन्या दहा पैशांसारखा, कडेला नागमोडी.
मला हसायला कुणी सांगितलं नव्हतं.
मी बोंब ठोकली होती.

रबर गेलं. ब्लँटायरच्या कस्टममध्ये पाच आठवडे अडलं,
कारण फॉर्मवर विचारलं होतं, नवं की वापरलेलं,
आणि क्लिफर्डनं खरं लिहिलं : दोन्ही नाही, नुसतं ठेवलेलं.
ते पाच आठवडे चिसोमोबाई
रोज संध्याकाळी लशी सायकलवर बांधून
मिशनच्या दवाखान्यात नेत होत्या,
सकाळी परत आणत होत्या.
हे त्यांनी कळवलं नाही. मागून कळलं, दुसऱ्याच पत्रात.

जानेवारीत थर्मामीटरचा फोटो आला. चार अंश.
आमच्या खिडकीबाहेरही तेवढेच होते.
मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या, छान, पण हे छापायचं कसं?
क्लिफर्डला फोटो पुरला नाही.
दार बंद होताना आवाज कसा येतो, विचारा त्यांना.
कळतं आवाजावरून.

तर त्यांनी आवाज पाठवला.
मी फोन टेबलावर ठेवला, केकच्या ताटलीशेजारी.
थप.
जाड, ओला, बरोबर आवाज.
क्लिफर्डनं डोळे मिटले. परत लाव, म्हणाला.
तिसऱ्यांदा ऐकताना आम्हाला मागचं ऐकू आलं :
कुणीतरी लहान, पूर्ण घसा लावून,
सगळ्या जगावर चिडून रडत होतं.

अरे देवा, मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या, काय झालं त्याला?

मी बाहीवरूनच दंड चाचपला.
टोचलंय, म्हटलं.
आणि वही उघडून खर्चात लिहिलं :
रबर, टपालासह, अकरा पाउंड चाळीस.