कपाट सरकवणारा माणूस

रुवीत तिसऱ्या मजल्यावर, टेलरिंग क्लासच्या हॉलमध्ये
आम्ही महिन्यातून एकदा सिनेमा बघतो.
पडदा म्हणजे घांग्रेकरांची डबल चादर.
तिची घडी बरोब्बर नायकाच्या कपाळावर येते
आणि तो उगाच म्हातारा दिसतो.

नायक रोज रात्री कपाट सरकवून
दाराला लावतो.
कोण येणार असतं, सिनेमा सांगत नाही.
शेवटी एकदा दमतो, कपाट राहतं जिथल्या तिथे,
दार आपसूक किलकिलं होतं.
बाहेर जिना. जिन्यात बल्ब.
कुणीच नाही.
आणि तेव्हा कुठे त्याला दरदरून घाम फुटतो.

दिवे लागले. समोसे फिरले.
शिरोडकर म्हणाला, भूत दाखवायला पैसे संपले असतील.
सुनीती वाळिंबे तिकडे मनाच्या डॉक्टर,
इथे परवाना नाही म्हणून नवऱ्याच्या दुकानात चष्मे विकतात.
त्या चटणी पुसत म्हणाल्या,
भीतीला कुणीतरी लागतं. साप, बाप, साहेब.
याला तर आता अडवायलाच कुणी उरलं नाही,
म्हणून कासावीस झालाय.
कपाटामागे त्याचीच जायची हौस होती,
इतकी वर्षं कोंडलेली.

मी समोसा तसाच खाली ठेवला.

अकरा वर्षं माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता.
मी मत्रहच्या गिरणीत गव्हाची ओल मोजायचो,
रात्री घोरायचो.
आई फोनवर विचारायची, कधी येतोस?
मी म्हणायचो, माझ्या हातात आहे का ते!
केवढं सुरेख वाक्य.
दर शुक्रवारी वापरलं, कधी झिजलं नाही.

फेब्रुवारीत नवा मॅनेजर आला, नासर, पोरसवदा.
म्हणाला, हे आमच्याकडे कशाला? सही कर, घेऊन जा.
निळं पुस्तक, तळहाताएवढं,
कडेला थोडं पीठ.

तेव्हापासून झोप नाही.
उशीखाली ठेवतो, मग गादीखाली,
मग तांदळाच्या डब्यात खोल.
कुन्हाली अंधारात विचारतो, काय शोधतोस?
शुक्रवारी फोन वाजतो, कधी येतोस?
आणि छातीत कुणीतरी
जिन्यातला बल्ब लावतं.

वाळिंबेबाईंनी विचारलं, तुम्हाला कसा वाटला शेवट?
ठीक, म्हटलं. जरा लांबला.

खाली उतरलो. चारी बाजूंना डोंगर,
काळे, एक झाड नाही अंगावर, वाट अडवून उभे.
मी त्यांच्याकडे उपकार झाल्यासारखं बघितलं.

एअरपोर्टचा रस्ता मात्र त्यांच्यामधूनच जातो,
चांगला रुंद,
रात्रभर दिवे असलेला.