अडीच फुटी

मे महिन्यात बिल्ड रात्री अकरानंतरच लावते.
दिवसा मानेवाड्यात स्लॅबमधून उतरणारी धग
प्रोसेसरला सत्त्याण्णव अंशांवर नेते, मग तो
आपोआप मंदावतो,
दुपारी दोनच्या सीताबर्डीसारखा.
म्हणून रात्र. कूलरसमोर टेबल, ओल्या वाळ्याचा वास,
कॅबिनेटचं एक झाकण काढून भिंतीला टेकवलेलं.

एआरएम, मिप्स, पॉवर, रिस्क-फाइव्ह,
स्पार्क, आणि अल्फा, जी आता कुणीच बनवत नाही.
यातलं एकही यंत्र माझ्याकडे नाही.
बहुतेक मी पाहिलेलीही नाहीत.
पण त्या प्रत्येकाला कळेल असं बोलणारा कंपायलर
या एका जुन्या डेस्कटॉपवर घडवून ठेवते.
कर्नलमध्ये कुणी एक ओळ बदलली
की ती सगळ्यांच्या तोंडी नीट बसते का,
ते तपासता यावं म्हणून.
एवढंच काम. पगार नाही.

बाबा पाणी प्यायला उठतात.
"कोणाच्या मशीनसाठी बनवून राह्यली वो हे?"
"ज्याच्याकडं असंन त्याच्यासाठी."
"अन् कोणाकडंच नसंन तं?"

तेवढ्यात मिप्सची चाचणी अडकते.
इम्युलेटरमधलं खोटं यंत्र अर्ध्या बूटवर गप्प.
कर्नल कालचाच आहे. कंपायलर आजचा.
म्हणजे संशय आधी माझ्या अवजारावर.

चारशे बारा बदल. अर्धे करायचे.
उरलेल्यांचे अर्धे. बिल्ड, चाळीस मिनिटं. पुन्हा अर्धे.
अशा नऊ खेपा.

बाबा मोतीबागेत फिटर होते.
अडीच फुटी गाडीचे पाने बाजारात मिळेनात,
तेव्हा वर्कशॉपच्या भट्टीत स्वतः घडवले.
गाडी बंद झाली. पाने जमा झाले.
एक घरी राहिला.
आणला नाही, म्हणतात, द्यायचा राहिला.
शेजारच्या हेडाऊकाकांनी बुलेटला लावून पाहिला,
मी सिलिंडरला.
कशालाच बसत नाही.
दर अमावस्येला त्याला तेल मिळतं मात्र.

पहाटे साडेचारला सापडलं.
एका ओळीत हार्डवेअरचा पत्ता वाचायचा होता
आणि वाचलेलं कुठेच वापरायचं नव्हतं.
नव्या कंपायलरला वाटलं, फुकटचं वाचन.
"हात लावू नको" असं त्या ओळीवर लिहिलेलं असूनही
त्यानं ती गाळली.
पण त्या यंत्रात वाचणं हीच पोच.
कुणी वाचलं नाही, तर ते उभंच राहतं,
बोलावून घेतलेल्या
आणि मग कुणी बस न म्हटलेल्या पाहुण्यासारखं.

दुरुस्ती दोन ओळींची.
आता कंपायलरनं स्वतःला घडवायचं,
घडलेल्यानं पुन्हा स्वतःला,
मग दोघांना शेजारी ठेवून बिट न् बिट ताडायचं.
जुळले. मी खुर्चीत मागे रेलले,
तेव्हा कळलं की गार वारा रात्रभर एकसारखा येत होता.

कूलरची टाकी दोन तासांत आटते.
मी एकदाही उठले नव्हते.

दाराशी बादली पालथी.
आतून आवाज, झोपेतलाच वाटावा असा:
"झालं का वो?"
"एक झालं. स्पार्क राह्यलं."