माडीनि

आमच्या भाषेत बढाई मारतात.
माशी मारावी तशी, एका फटक्यात,
मग हात झटकून मोकळं.
टिमकी असेल तर वाजवतात, स्वतःचीच.
टेंभा मिरवतात, भर दुपारी बारालासुद्धा.
आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही
तो मिशीला तूप लावून दारात उभा राहतो,
जेवून आल्यासारखा.

बाबांना यातलं काही जमलं नाही.
निपाणीत तंबाखूच्या वखारीत तोलार, एकतीस वर्षं.
काटा मधोमध येऊन थांबेपर्यंत
तोंड उघडायचं नाही, हा नेम.
तो नेम ते घरीही घेऊन यायचे,
सदऱ्याला चिकटलेल्या तंबाखूच्या वासासारखा.

आय.टी.आय.ला पहिली आले.
म्हणाले, "बरं."
बेळगावात उद्यमबागेत लेथवर लागले,
अख्ख्या शेडमध्ये एकटी बाई.
म्हणाले, "डबा न्हेतीस न्हवं?"
क्रँकशाफ्टचा पहिला लॉट, दोनशे नग,
एकसुद्धा परत आला नाही,
त्या रात्री म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.
कमी होतंच.

परवा संकेश्वरला बस चुकली.
मिरचीच्या अडतीपुढे शिंकत उभी होते,
तर आतून एक म्हातारा,
कपाळाला विभूती, पायाशी वजनं,
माझं आडनाव कसंबसं काढून घेतलं आणि ओरडलाच,
"लुमाण्णांची मगळ! लेथ मगळ!"
पोत्यावरून माणूस उठवून मला जागा दिली.
चहा. पुन्हा चहा.
चन्नमल्लप्पांना माझं सगळं पाठ होतं:
दोनशे नग, पहिला नंबर, शेडमधली एकटी बाई,
शिवाय एक गोष्ट जी घडलीच नव्हती:
कंपनीचा मालक म्हणे माझ्या हातातलं मायक्रोमीटर बघून
टोपी काढून उभा राहिला.
(आमचा मालक टोपी घालत नाही.)
"नन मगळ कूदलष्ट फरक सैत बिडांगिल्ल,"
बाबांचा आवाज काढून म्हणाले ते.
केसाएवढा फरकसुद्धा सोडत नाही माझी लेक.
आणि हसत हसत,
"भाळ बडाय कोच्चतिद्रु निम्म अप्पा."

बडाय. म्हणजे आपलीच बढाई.
नाका ओलांडताना ढचा ड झाला,
तेवढी जकात द्यावीच लागते.
पण तिकडे ती मारत नाहीत, कोच्चतात.
बारीक कापतात, मेथी कापावी तशी,
पानाचा जर्दा करावा तसा,
चिमूट चिमूट, समोरच्याच्या तळहातावर.
म्हणजे दर गुरुवारी
वखारीच्या कामाला म्हणून संकेश्वरला जाणारा माणूस
ओढ्यापलीकडे जाऊन मला कापत बसायचा.
वजन न करता.

बसमध्ये राग आला आधी.
इतकी वर्षं मी बरंवर जगले
आणि इकडे मिरचीवाल्यांना पोतंभर.
मग कणगल्याच्या वळणावर मला
तो टोपी काढणारा मालक आठवला आणि
कंडक्टरनं विचारलं, ताई, हसताय का?

घरी बाबा भुईमूग फोडत होते.
मी हातपाय न धुताच समोर बसले.
मराठीत ते तोंडातून निघालं नसतं, माझ्याही.
म्हटलं, होतं नव्हतं तेवढं कन्नड गोळा करून,
"इवत्त नान नलवत्त शाफ्ट माड्याळ."
आज मी चाळीस शाफ्ट.

त्यांचा हात थांबला.
काटा हलायचा थांबावा तसा,
पुरता थांबेपर्यंत त्यांनी वाट बघितली.
नाव निघालं नाही, संकेश्वरचं की कुणाचं.
"माड्याळ न्हवं," म्हणाले.
"माड्याळ म्हंजे तिनं केलं."
एक शेंग फोडली. दाणे माझ्याकडे सरकवले.
"मी केलं म्हणायचं असंल तर माडीनि.
म्हण बगू."