कोरी बाजू

शिबिरात माझा नंबर एकेचाळिसावा.
चाळीस जण माझ्या आधी वाचून गेले
शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत,
आणि मी बाहेर व्हरांड्यात
तांदळाच्या पोत्यांना टेकून ऐकत होते.
तिसावा डोळे चोळत निघाला
तोवर तक्ता मला पाठ होता:
र.
प न.
ग ट ल.
म च द क.
त्याखाली लोक अडखळत,
ते अडखळणंही मी नीट ध्यानात ठेवलं.

लबाडी नव्हती ती.
दहावीपर्यंत मी अशीच आले होते.
गुरुजी पाठमोरे लिहीत, मी खडू ऐकायची.
चाराला गिरकी,
पाचाला शेवटी खाली ओढलेला पाय,
शून्य सगळ्यात गुपचूप.
वावरात कापूस दिसायचा तो बोटांना;
बाया म्हणत, पाह्य माय, हिचा हात कसा चालते.
आणि नाल्यापलीकडून कोणी हात केला
तर मी सरळ पुढे जायची.
घमेंडी हाय शालिकची पोरगी, वळखच देत नाही.
हेही मी असंच
आठ-दहा जणांच्या तोंडून ऐकून
पाठ केलं होतं.
कशी आहेस, असं कोणी विचारलं असतं
तर सांगितलं असतं, न अडखळता.

उईके सर तालुक्याहून आलेले.
नाव?
बेबीनंदा शालिक ढोके.
डावा डोळा झाक.
मी घडाघडा म्हटलं.
वा, म्हणाले. आता उजवा.
मी पुन्हा, त्याच चालीत,
खालच्या ओळीला जरा थांबून, लोक थांबत तसं.

कोणी बोलेना.
बाहेर कोणाची तरी सायकल पडली.
बेटा, सर हळूच म्हणाले,
मी तक्ता उलटा केला आहे.

पाठची बाजू होती ती. कोरी.

हसलं कोणी नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

मग लोखंडी चौकट नाकावर आली, गार, जड,
तिच्या खाचेत सर एकेक काच सरकवत गेले.
आता बरं की आधीचं बरं?
आता?
असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं,
आणि याचं उत्तर कुठून
ऐकून आणता येईना.

एक काच बसली
आणि दारात आई उभी होती.
आई मला पायरवानं ठाऊक, खोकल्यानं,
लुगड्याच्या हळद-धुराच्या वासानं.
तिच्या हनुवटीवर गोंदण आहे हे ठाऊक होतं,
तीन ठिपके आहेत हे नाही.
आणि तिचे ओठ हलत होते.
म च द क.
आवाज न करता मला सांगत होती,
जिला अंगठ्याशिवाय सही नाही, ती.
पोत्यांमागे बसून तिनंही पाठ केलं होतं.

म्हणजे तिला माहीत होतं.
किती वर्षांपासून,
ते मी अजून विचारलेलं नाही.

चौकट परत घेतली.
चष्मा पंधरा दिवसांनी, सर म्हणाले,
साडेचारच्या एसटीत कंडक्टरजवळ पाठवतो.

परतीची वाट तीच.
तोच दोन्ही अंगांना पांढरा धूर,
ज्याला मी आजवर कापूस म्हणत आले.
सोळा वर्षं मला सगळं दिसत होतं.
त्या पंधरा दिवसांत
पहिल्यांदा दिसत नव्हतं:
बाभूळ दिसत नव्हती, बाज दिसत नव्हती,
ताटातला खडा, आरशातली मी,
एकेक न दिसणारी वस्तू मी नावानिशी
मोजत हिंडत होते, श्रीमंत झाल्यासारखी.

बाराव्या की तेराव्या दिवशी
नाल्यापलीकडून कोणी हात केला.
मी थांबले.
कोन व्हय? मी ओरडले. मले दिसत नाही!

हात खाली आला.
मग पाण्यात पाय टाकल्याचा आवाज,
आणि तो धूसर माणूस
गोटे चाचपत
माझ्याकडे यायला लागला.