पेच

हंगेरीच्या दक्षिणेला एक शहर आहे, त्याचं नावच पेच.
यात माझी काही करामत नाही.
तिथं वेंडेल गार्दोश चाळीस वर्षं हातमोजे बेतत होता.
कोकराचं कातडं ओलं करायचं, ताणायचं,
एकात अडीच जोड्या निघतील की तीन
एवढाच त्याच्या आयुष्यातला जुगार.

मुलगी ओटिलिया गणितात गेली.
ईस्टरला घरी आली, सुपाची वाटी बाजूला सारून म्हणाली,
बाबा, असे सगळे आकार घ्या
ज्यांतले कुठलेही दोन बिंदू
एका वितीहून लांब नाहीत.
गोल, तिकोनी, फुगीर, कसेही.
फिरवा, उलथे करा,
पण प्रत्येक जण ज्याखाली झाकला जाईल
असं सर्वांत लहान कातडं केवढं?

सगळ्यांना बसणारा मोजा, तो म्हणाला,
कुणालाच बसत नाही.

बसायला नको. झाकलं की झालं.

मग त्यानं कात्री मागितली.
आधी वितीचा गोल. त्रिकोणाची टोकं बाहेर डोकावली.
मग षटकोन. त्यात सगळे मावले.
अंगठ्यानं चाचपत म्हणाला, हे दोन कोपरे उगाच आहेत.
ओटिलिया गप्प.
हे तिनं अजून सांगितलंच नव्हतं,
आणि शोधायला कुणा शहाण्याला
आख्खा निबंध लिहावा लागला होता.

पुढची कातरणं कात्रीची नाहीत.
केसाहून बारीक, मग तिच्याहून बारीक,
एक तर अशी की धुळीचा कणही तिच्यावर आडवा होणार नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात;
इथं पाय कधीचे पसरलेत,
अंथरूणच ठरत नाही.
चौरस वितीचे हजार भाग केले
तर आठशे बत्तीसच्या खाली भागत नाही,
आठशे पंचेचाळीस पुरतात.
मधलं कुणालाच ठाऊक नाही.

तेरा भाग? वेंडेल ताठ बसला.
अगं, एवढ्यात तान्ह्या पोराच्या मोज्याचा अंगठा निघतो!

नाताळात ती आली तेव्हा कातडं
दारामागच्या खिळ्याला लटकत होतं.
तिसऱ्या कोपऱ्याला नवी, पांढरी कड.
तिनं रात्री कंपास लावला.
एक फुगीर आकार सुताएवढा उघडा पडत होता.

सकाळी सांगितलं.
ताण, तो म्हणाला.
गणितात कातडं ताणत नाही, बाबा.
मग माल वाईट आहे तुमचा,
असं पुटपुटत त्यानं ते काढलं
आणि नळाखाली धरून ओलं करू लागला.